ऑरेंज क्रोमाइड: चौथी खेप आणि बारावा दिवस

माझ्या टँकमधल्या ऑरेंज क्रोमाइड या छोट्या माशांच्या चौथ्या खेपेचा आज बारावा दिवस. साठेक पिल्लं पोहताहेत! मागच्या तिन्ही खेपांत दहाव्या दिवसापुढे एकही गेलं नव्हतं, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधीच्या खेपांत अंडी दिसली की मी ती चिकटलेलं खापर उचलून बरणीत ठेवायचे, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून मिथिलीन ब्लू हे निळं औषध घालून, शेजारी हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन. तिसऱ्या दिवशी अंडी छान फुटायची, मरून पांढरी फारच थोडी पडायची. पण पिल्लं पोहायला लागली की पोटं खपाटीला. आधी त्यांच्या खाण्यावर, म्हणजे अंड्यांतून काढलेल्या आर्टेमिया या बारीक कोळंबीसारख्या जिवांवर संशय घेतला. एका दुकानातल्या डब्यातली आर्टेमियाची निम्मी अंडीही फुटली नाहीत. आता तारीख बघितल्याशिवाय डबा घेत नाही. मग पाण्याच्या खारेपणावर. तो मोजायच्या काट्याच्या हायड्रोमीटरला बुडबुडा चिकटला की आकडा भलताच येतो, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर हे दुसरं मापक घेतलं आणि पाण्याची सापेक्ष घनता १.००५ वर स्थिर केली. तरी पिल्लं जातच राहिली.

या वेळी खापर हलवलंच नाही. नर-मादी आळीपाळीने अंड्यांना वारा घालत होते. फुटल्यावर पिल्लं तोंडात धरून वाळूतल्या खड्ड्यात नेली, दोन दिवसांत तीन खड्डे बदलले. पहिला खड्डा रिकामा दिसला तेव्हा खाल्लीच असं वाटून मी रडकुंडीला आले होते.

आणि मग ते दिसलं. पिल्लं आईबापाच्या कुशीला जातात, टोचा मारतात, लगेच मागे फिरतात. अंगावरचा बुळबुळीत थर खातात! डिस्कस माशाची पिल्लं अशीच वाढतात हे माहीत होतं, क्रोमाइडबद्दलही वाचलं होतं, तरी तीन वेळा मीच त्यांना या दुधापासून तोडलं.

एक घात मात्र झाला. आठव्या रात्री दिवा एकदम बंद केला, पिल्लं पांगली, सकाळी बरीच कमी. आता कोपऱ्यात झिरोचा बल्ब रात्रभर असतो.

काळुंदर (ग्रीन क्रोमाइड, याच कुळातला मोठा मासा) मी याच टँकमध्ये सोडणार होते. खाडीत दोघं एकत्र राहतात, ऑरेंज क्रोमाइड त्याच्या अंगावरचे परजीवी टिपतो. पण काळुंदरची अंडी-पिल्लंही खातो, आणि राखण करणाऱ्या जोडीजवळ तिसरं कुणी नकोच. बेत रद्द.

पाचवी खेपही अशीच आईबापांकडे ठेवायची म्हणत होते. पण लिहिता लिहिता सुचतंय: पोहायला लागली की वीस पिल्लं नळीने बरणीत काढावीत. पाणी याच टँकचं, आर्टेमिया तीच, मिथिलीन ब्लू नाही. ती दहावा दिवस ओलांडून गेली, तर माझा संशय त्या निळ्या औषधावर जाईल. बरणी आजच घासून ठेवते.