तुम्ही विचारलंत म्हणून: आई आमच्या वाट्याला किती आली?

“त्या इतक्यांचं करायच्या, मग तुमच्या वाट्याला कितीशा आल्या?” आई नर्स होती. तिला जाऊन चार वर्षं झाली, तरी हा प्रश्न थांबलेला नाही. विचारणारी माणसं वाईट नसतात. त्यांच्यातल्या कुणाच्या आजारी वडिलांचं ड्रेसिंग तिनं महिनोन्महिने केलेलं असतं, कुणाचं मूल तिच्या हातावर जन्मलेलं असतं. पण त्यांना दोनच उत्तरं चालतात. एक तर मी ‘काही कमी पडलं नाही’ म्हणायचं, नाहीतर डोळे पुसायचे. शोकसभेत मी पहिलं उत्तर दिलं होतं. ते खोटं होतं.

त्यागमूर्ती वगैरे शब्द आधी बाजूला ठेवा. मला त्यांचा राग येतो, तिलाही यायचा. १२ मे, म्हणजे परिचारिका दिन, आला की फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातातल्या दिव्यावर भाषणं व्हायची आणि आई घरी येऊन म्हणायची, “दिवा काय बघताय, तिची वही बघा.” क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे त्या बाईनं आकड्यांनी आणि आकृत्यांनी सरकारपुढे मांडलं होतं. आईचं कामही मोजण्याचंच. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेले तिला चालत नसत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. सुट्टीच्या दिवशी ती घरोघरी जाऊन जुलाब लागलेल्या मुलांच्या आयांना शिकवायची: एक लिटर स्वच्छ पाणी, साखरेचे सहा सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचा खरंच सपाट आहे का, हे वरून बोट फिरवून बघायची. तुम्ही याला माया म्हणता. मी कसब म्हणते, आणि कसब म्हटल्यानं ती लहान होते असं मला वाटत नाही.

हे आत्ताचं बोलणं झालं. १३ वर्षांची होते तेव्हा तिच्या कसबाशी मला काही देणंघेणं नव्हतं.

त्या वर्षीची एक रात्र मी कुठल्याच सभेत सांगितलेली नाही. बाबा परगावी होते. आई दुपारपाळीला गेलेली, नऊला सुटायची. संध्याकाळपासून माझ्या बेंबीभोवती दुखत होतं, दोनदा उलटी झाली. शेजारच्या काकूंनी वॉर्डात फोन लावला. आईनं सांगितलं, तिला काही खायला-प्यायला देऊ नका, दुखणं उजवीकडे खाली सरकलं तर लगेच कळवा, मी नऊला निघतेच आहे. नऊ वाजले, दहा वाजले. रात्रपाळीची सिस्टर आलीच नाही, आणि पाळी दुसरीच्या हाती दिल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नाही. हे मला माहीत होतं. नर्सच्या मुलीला हे फार लवकर माहीत होतं.

अकराच्या सुमाराला दुखणं उजवीकडे सरकलं. मी काकूंना सांगितलं नाही. कुणी कळवलं म्हणून नाही, आपली आपण तिनं यावं, एवढंच मला हवं होतं. बारा वाजता तिचा फोन आला. काकूंना झोप लागली होती, मीच घेतला.

“कसं आहे?”

“बरं आहे,” मी म्हणाले आणि ठेवून दिला.

पहाटे दुखणं अचानक ओसरलं. साडेपाचला आई दारात आली तेव्हा मी जवळजवळ आनंदानं म्हणाले, आता खूप कमी झालंय. तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं पोटावर हात ठेवला, हळूच दाबला आणि झटकन उचलला. दाबताना नव्हतं दुखलं इतकं हात उचलताना दुखलं. अपेंडिक्स फुटलं होतं, आणि फुटल्यावर थोडा वेळ असं बरं वाटू शकतं, हे मला पुढे कळलं.

ऑपरेशननंतर मी ११ दिवस दवाखान्यात होते. ती ११ दिवस रजा काढून उशाशी बसली. तापाचा तक्ता लिहिला, जखमेच्या नळीतून काय येतंय ते बघितलं, रोज अंग पुसलं. माफी मागितली नाही. आणि मी मनात एक वाक्य धरून बसले: परक्यांचा श्वास पूर्ण मिनिट मोजणारी बाई माझ्या एका ‘बरं आहे’वर थांबली.

हे वाक्य मी पुढची कितीतरी वर्षं वापरलं. तिच्याशी भांडताना नाही, मनातल्या मनात, तिला सोडून लांब राहायला गेले तेव्हा, तिचे फोन घ्यायचे टाळले तेव्हा. खोटं मी बोलले होते हे त्यात कुठेच नव्हतं. आज त्या मुलीला सांगावंसं वाटतं, अगं, काकूंना उठवायचंस. पण तीही ऐकणार नाही, आणि तिचं सगळंच चुकलं असंही मला म्हणवत नाही.

शेवटच्या महिन्यांत आई माझ्याकडे होती. निवृत्तीनंतर ती मरणाच्या दारातल्या माणसांच्या घरी जायची. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अशाच माणसांची काळजी घेणारं रुग्णालय, सुरू केलं, हे ती घरातल्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगायची. दुखणं परत यायची वाट बघायची नाही, औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं, हा त्यांचा आग्रह तिनं कित्येक घरांत नेला होता. आता ते घड्याळ मी लावत होते. एका रात्री औषध दिल्यावर विचारलंच, त्या रात्री का नाही निघालीस?

“रक्त चालू होतं.”

बाळंतपणानंतर रक्तस्राव न थांबलेली बाई, तिला लावलेली रक्ताची तिसरी पिशवी. पिशवी शीतपेटीतून काढली की अर्ध्या तासात लावायची, चार तासांत संपवायची. पहिली १५ मिनिटं तिथून हलायचं नाही, गंभीर रिॲक्शन यायची तर बहुतेकदा तेव्हाच येते. आणि वॉर्डात ती एकटी. हे सगळं मी आधीच ताडलं होतं. नंतर जे म्हणाली ते नव्हतं ताडलं.

“तू खोटं बोलतेयस हे आवाजावरून कळलं होतं मला.”

म्हणजे तिनं माझाही श्वास मोजला होता. आणि तरी ती थांबली. मग इतकी वर्षं मी रागावले होते ते कशावर? आता रागवायचं ते कशावर? ती कुणाला तरी पाठवू शकली असती, काकूंना पुन्हा फोन करू शकली असती. तिसऱ्या पिशवीच्या मध्ये फोनपर्यंत जाता येतं का, मला ठाऊक नाही. तुम्ही वाट्याचं विचारता तेव्हा मी या वाक्यापाशी येऊन अडते.

त्या बाईचं पुढे काय झालं, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं. पण दोन तास झाले होते. मी तिला डाव्या कुशीवर वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी सरकवली.

“टाच टेकतेय,” ती म्हणाली.

मी पोटरीखाली घडी घातली आणि टाच अधांतरी आहे का, हे बोट फिरवून बघितलं.