चप्पल निसटली तेव्हा

कंबरदुखी मला नवीन नव्हती, पण हे दुखणं वेगळं होतं. भरलेली बादली उचलली आणि दोन दिवसांत कळ कंबरेतून डाव्या कुल्ल्यात, तिथून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्यापर्यंत उतरली. खोकलं की पायात वीज चमकायची.

डॉक्टरांनी उताणं झोपवून पाय सरळ ठेवून उचलला. जेमतेम ३० अंशांवर मी कळवळलो. ‘कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबली असावी,’ ते म्हणाले. मी एमआरआयचा आग्रह धरला, तर त्यांनी सध्या नको म्हणून सांगितलं. ज्यांचं काहीच दुखत नाही, अशा विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या एमआरआयमध्येही गादीची झीज दिसते. शिवाय बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच विरघळवतं. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत आराम पडतो. मला हे पटायला वेळ लागला, पण आज वाटतं, आधी हेच सगळ्यांना सांगायला हवं.

पडून राहायचं नाही, झेपेल तेवढं चालायचं, गोळ्या आणि फिजिओथेरपी. एक ताकीद मात्र त्यांनी दोनदा दिली: लघवी अडली, नकळत झाली किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर रात्र असली तरी थेट इस्पितळ गाठायचं.

पाचव्या आठवड्यात कळ कमी झाली. मी खूश होतो. पण चालताना डावी चप्पल निसटली आणि चार पावलं गेल्यावर मला ते कळलं. घरी खाली बसून दोन्ही अंगठे वर उचलून पाहिले. उजवा ताठ उभा राहिला, डावा थरथरून खाली पडला. दुखणं कमी आणि ताकदही कमी, ही सुधारणा नव्हती.

मग एमआरआय झाला आणि शस्त्रक्रिया ठरली. पाठीचं ऑपरेशन म्हणजे पांगळेपण, ही भीती मनात घट्ट बसली होती. सर्जननी चित्र काढून दाखवलं: मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याखाली फक्त नसांचा जुडगा असतो. धोका शून्य नाही. नसेला इजा, जंतुसंसर्ग, गादी पुन्हा सरकणं, हे सगळं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि हेही, की या ऑपरेशनचा खरा उपयोग पायासाठी, कंबर दुखायची पूर्ण थांबेलच असं नाही.

छोट्या छेदातून, सूक्ष्मदर्शकाखाली, नसेवर दाबणारा तुकडा तेवढा काढला. संध्याकाळी आधार घेऊन उभा राहिलो, तेव्हा पायातली कळ गेलेली होती. बधिरपणा राहिला. अंगठ्याला ताकद यायला चार महिने लागले. रोज सकाळी पलंगावर बसून मी तो उचलून बघायचो.

कंबर अजूनही कधीकधी धरते. चप्पल मात्र आता पायात राहते.