बोर्दो: तारांविना धावणारी ट्राम

फ्रान्समधील बोर्दो शहराच्या जुन्या भागात ट्राम विजेवर धावते; पण मान वर करून पाहिले तर विजेची एकही तार दिसत नाही. ज्या सेंट आंद्रे कॅथेड्रलमध्ये ११३७ साली अ‍ॅक्विटेनच्या डचेस एलिनॉरचा फ्रान्सचा भावी राजा सातवा लुई याच्याशी विवाह झाला, त्याच्या अगदी जवळून मोठाल्या काचांची लांबलचक ट्राम वळत जाते आणि तरीही कॅथेड्रलचे दर्शन कुठेही अडत नाही.

येथील जुन्या ट्राम १९५८ मध्ये बंद झाल्या होत्या. अलँ झ्युपे महापौर असताना, डिसेंबर २००३ मध्ये नवी ट्राम सुरू झाली आणि ऐतिहासिक भागात तारा नकोत, हा आग्रह शहराने तिच्या आखणीतच धरला. त्यासाठी दोन रुळांच्या मधोमध, जमिनीच्या पातळीत तिसरा रूळ बसवला आहे. त्यात सुमारे आठ मीटरचा वीजवाहक तुकडा आणि त्यानंतर तीन मीटरचा विद्युतरोधक तुकडा, अशी रचना पुढे पुढे चालू राहते. ज्या तुकड्यावर ट्राम उभी आहे तेवढ्यातच ७५० व्होल्टचा प्रवाह सोडला जातो आणि ती पुढे सरकताच तो बंद होतो, त्यामुळे लहान मुलेसुद्धा या रुळावर निर्धास्त पाय ठेवून रस्ता ओलांडतात. सुरुवातीच्या वर्षांत या यंत्रणेत वारंवार बिघाड होत असत, तरी शहराने ती सोडली नाही. या चिकाटीचे मला मनापासून कौतुक वाटते.

गारोन नदीच्या काठाने जाणारा सी मार्ग मला सर्वांत आवडला. एके काळी गोदामांनी आणि मोटारींनी व्यापलेल्या या काठावर आता रुंद पदपथ आहेत, आणि प्लास द ला बूर्स या चौकातल्या अठराव्या शतकातील इमारती २००६ साली तयार झालेल्या जलदर्पणात, म्हणजे ग्रॅनाइटवरच्या जेमतेम दोन सेंटिमीटर पाण्यात, ट्रामसह उमटतात. पुढच्याच वर्षी युनेस्कोने या शहराचा जागतिक वारशात समावेश केला.

ए मार्गाने मात्र १८२२ सालचा, सतरा कमानींचा दगडी पूल अवश्य ओलांडावा. २०१७ पासून त्यावर खासगी मोटारींना बंदी असल्याने तो मुख्यतः ट्राम, सायकली आणि पादचारी यांना मोकळा आहे. जुने शहर मागे पडल्यावर ट्राम थांब्यावर उभी असतानाच टपावरचा पँटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा सांगाडा, उचलून वरच्या तारेला लावते आणि उपनगरांकडे निघते.