हनाकापिआईची वाट जमते, तिकीट जमत नाही: माझा अनुभव

आई अमेरिकेत आली होती तेव्हा तिला घेऊन हवाईतल्या काउआई बेटावर कलालाऊ वाटेचा पहिला टप्पा केला. केए किनाऱ्यापासून हनाकापिआई किनाऱ्यापर्यंत 2 मैल जायचं, 2 मैल परत. साठी ओलांडलेल्या पण रोज चालणाऱ्या माणसाला हे जमतं. डोकं फिरवतं ते तिकीट, म्हणून आधी त्याचंच लिहितो.

वाट हाएना स्टेट पार्कमधून सुरू होते. एप्रिल 2018 च्या अतिवृष्टीत तिकडचा रस्ता बंद पडला. जून 2019 मध्ये पार्क पुन्हा उघडलं तेव्हा दिवसाला 900 माणसांची मर्यादा घातली. हवाईच्या रहिवाशांना ओळखपत्र पुरतं, बाकीच्यांना आगाऊ बुकिंग लागतंच. गेटवर तिकीट विकत नाहीत. इतक्या लांबून आलोय, आई बरोबर आहे, वगैरे सांगून काही होत नाही. गाडी वळवून परत पाठवतात.

बुकिंग 30 दिवस आधी, हवाईच्या मध्यरात्री उघडतं. वाचायला सोपं, करायला नाही. 30 दिवस म्हणजे महिना नव्हे. 15 ऑगस्टला जायचं तर 16 जुलै, 15 मार्चला जायचं तर (लीप वर्ष नसेल तर) 13 फेब्रुवारी. मनात ‘महिनाभर आधी’ धरून 15 फेब्रुवारीला बसलात तर गर्दीच्या दिवसांचं पार्किंग गेलेलं असतं. मध्यरात्र म्हणजे तारीख सुरू होतानाची, संपतानाची नव्हे. त्यातून हवाईत घड्याळं पुढेमागे करत नाहीत. त्यामुळे कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात पहाटेचे 3 होतात आणि हिवाळ्यात 2, न्यूयॉर्कला 6 आणि 5. भारतात मात्र बारा महिने दुपारचे साडेतीन. पहाटे डोळे चोळत बसण्यापेक्षा तिकडच्या मामेभावाला लॅपटॉपसमोर बसवणं शहाणपणाचं. नाव मात्र जो जाणार त्याचंच घालायला सांगा, गेटवर ओळखपत्र बघतात.

तिकिटं तीन तऱ्हेची: पार्किंगसह, शटल बससह, आणि नुसता प्रवेश. तिसरं चालत किंवा सायकलवर येणाऱ्यांसाठी आहे. ते घेऊन गाडी नेली तर गाडी लावायला जागा मिळत नाही. पार्किंग दिवसाच्या ठरावीक तुकड्यांत मिळतं. वयस्कर माणसाबरोबर एका तुकड्यात जाऊन येणं म्हणजे सतत घड्याळाकडे बघत चालणं. मग लागून असलेले दोन तुकडे घ्यावे लागतात, आणि ते दोन्ही एकाच दिवशी मोकळे सापडणं हीच खरी मारामारी. शिवाय गाडीचं तिकीट वेगळं, माणसांचं वेगळं. घाईत नुसती गाडी बुक होते आणि माणसं राहतात, तेव्हा पैसे भरण्याआधी यादीत सगळी डोकी मोजा.

माझं मत विचाराल तर आई-वडील बरोबर असतील तेव्हा शटल घ्या. महाग पडते, पण परतायच्या वेळेचं बंधन नसतं. फक्त शेवटच्या बसवर विसंबू नका, दुपारनंतर परतीला रांग लागते. काहीच मिळालं नाही तरी रोज साइट बघत राहा, रद्द झालेली तिकिटं परत येतात. मिळालेलं तिकीट फोनमध्ये फोटो काढून किंवा छापून ठेवा. हाएनाजवळ रेंज जाते, आणि गेटवर मेल उघडत नाही.

आता वाट. पहिला मैल बराचसा चढ, मोठमोठ्या दगडांच्या पायऱ्यांचा. अर्ध्या मैलावर मागे केएचा किनारा आणि पुढे ‘ना पाली’ किनारपट्टीचे कडे दिसतात. पालकांना दम लागला तर इथूनच परत फिरा, बघण्यासारखं बरंचसं बघून झालेलं असतं. पुढे उतार लागतो, आणि परतताना तोच चढायचा असतो. म्हणून किनाऱ्यावर पोचताना निम्मी ताकद शिल्लक हवी. तरुण माणसं 2-3 तासांत जाऊन येतात, आम्ही 5 तास धरले होते. पाऊस पडून गेला की लाल माती साबणासारखी निसरडी होते. खोल खाचांचे बूट आणि दोघांना दोन-दोन काठ्या हव्यातच, गुडघ्यांना उतारावर खरा आधार काठीचाच. वाटेत पिण्याचं पाणी नाही. माणशी 2 लिटर आणि काहीतरी खारट बरोबर घ्या. ओढ्याचं पाणी तसंच पिऊ नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

किनाऱ्याआधी हनाकापिआईचा ओढा ओलांडावा लागतो. डोंगरात वर पाऊस झाला तर इथे ऊन असतानाही पाणी झपाट्याने चढतं. गढूळ किंवा वाढतं पाणी दिसलं की अलीकडेच थांबायचं. अलीकडे असाल तर परत फिरा, पलीकडे अडकलात तर ओसरेपर्यंत बसून राहा. समुद्रात उतरू नका, ओढ जीवघेणी आहे. हिवाळ्यात तर लाटा वाळूही वाहून नेतात, उरतात ते गोटे. धबधबा आत आणखी 2 मैल आहे, म्हणजे एकूण 8 मैल होतात. आईला घेऊन तो बेत आम्ही आखलाच नाही. किनाऱ्याने कलालाऊकडे पुढे जायला वेगळा परवाना लागतो, त्याच दिवशी परतणार असलात तरी.

कपडे जुने घाला, त्या मातीचा डाग जात नाही. आणि निघताना वेळ हाताशी ठेवा: वाटेतल्या हनालेई गावानंतर एकेरी पूल आहेत, समोरून येणाऱ्या पाच-सात गाड्या आधी सोडायची तिथली रीत आहे.