अडीच सूत : जुन्या हार्लेवर पुणे ते आंबोली

खंबाटकी घाट चढेपर्यंत काही जाणवलं नाही. पलीकडे सुरूरच्या बाजूला उतरताना थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज यायला लागला. ‘हार्ले आहे, थोडं कुरकुरणारच’ अशी स्वतःची समजूत घालत साताराही मागे टाकलं आणि कराडही. पेठनाक्याला चहाला थांबलो, इंजिन जरा निवल्यावर गाडीपुढे उकिडवा बसलो आणि पाहिलं, तर पुढच्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला, म्हणजे धुराच्या पाइपला, दोन नट असायला हवेत, तिथे एकच. तोही बोटाने फिरत होता.

गाडी २०१२ची हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकल, स्पोर्टस्टर मालिकेतली आयर्न ८८३, मी दुसरा मालक. ८८३ सीसीचं हवेवर थंड होणारं इंजिन, ४५ अंशांत दोन सिलिंडर आणि दोघांचे कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. ही गाडी लंगडत चालल्यासारखी वाजते ती यामुळेच, आणि थरथरतेही यामुळेच. २००४पासून स्पोर्टस्टरचं इंजिन रबरावर बसवलेलं असतं, त्यामुळे हाताला आणि बुडाला थरथर कमी लागते. पण एक्झॉस्ट थेट इंजिनालाच जोडलेला असल्याने त्याला त्या रबराचा काही उपयोग नाही.

चूक माझीच होती. निघायच्या आदल्या शनिवारी एक्झॉस्टचे गॅस्केट, म्हणजे सांध्यात फट राहू नये म्हणून बसवायच्या चकत्या, घरी बदलले. नवा गॅस्केट पहिल्या तापण्या-निवण्यात दबतो आणि नट सैल पडतात, म्हणून एकदा गाडी फिरवून, पूर्ण थंड करून नट पुन्हा आवळायचे असतात. ते रविवारी करू म्हटलं, आणि रविवारी पाहुणे आले. त्या फटफटीचं कारणही एवढंच : फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपमध्ये जळतं. त्यामुळे उताराला थ्रॉटल बंद केल्यावर असा नवाच आवाज आला तर ट्यूनिंग बिघडलं म्हणून घाबरू नका, आधी एक्झॉस्टचे नट बघा.

दुसरी चूक अशी की इंची सॉकेटचा संच जड होतो म्हणून घरी ठेवला होता. जवळ होते मिलिमीटरचे पाने. एक्झॉस्टच्या नटाला अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिमीचा सॉकेट लागतो. १३चा पाना त्यावर बसतो, पण जोर दिला की घसरतो आणि नटाचे कोपरे खातो. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने “आठचा नट बसतोय की” म्हणत ८ मिमीचा नट स्टडवर, म्हणजे सिलिंडरच्या हेडमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांडीवर, चढवला. दोन आटे सहज गेला, मग अडला. त्याने लांब दांड्याचा पाना उचलला तेव्हा मी हात धरला. स्टड ५/१६ इंचाचा, म्हणजे ७.९४ मिमीचा, म्हणून ८चा नट बसल्यासारखा वाटतो. पण आट्यांचं अंतर जुळत नाही. आणखी एक फेरा दिला असता तर स्टड तुटून हेडमध्ये राहिला असता, आणि मग आंबोली राहिली बाजूला, हेड उतरवायची वेळ आली असती.

उरलेला नट जमेल तसा आवळून, साठच्या वर न जाता कोल्हापूर गाठलं. सहापदरीकरणाच्या कामांमुळे वळणरस्ते आणि खडी एवढी, की साठनेही जाता येईल का अशी शंका होती. खडीवरून गेलात तर थांबल्यावर मागचा बेल्ट नक्की तपासा. बेल्ट आणि पुलीत खडा सापडला तर बेल्टला भोक पडतं. मधोमध बारीक भोक असेल तर लक्ष ठेवून घरापर्यंत येता येतं, पण कडेला चीर दिसली तर पुढे जाऊ नका. हा बेल्ट वाटेत कुठल्या दुकानात टांगलेला मिळत नाही, आणि चेनसारखी त्याची एक कडी काढून जोडही देता येत नाही.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर गाठलं. ऊस, पाणी आणि ऑइल इंजिनं यांच्यावर वाढलेली ही वस्ती. एका बोळात लेथवर बसलेल्या, सत्तरीकडे झुकलेल्या मामांना उरलेला नट काढून दाखवला. त्यांनी तो अंगठ्यावर फिरवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले,

“हे मिलिमीटरचं न्हवं पाव्हणं. अडीच सुताचा हाय. पण आटं बारीक दिसत्यात.”

मला एकदम हसू आलं. पुण्यात इतकी वर्षं ‘पाच छेद सोळा’ म्हणून सांगत होतो आणि समोरचा डोकं खाजवत होता. एका इंचात आठ सूत, म्हणजे ५/१६ इंच हे अडीच सूत आणि अर्ध्या इंचाचा सॉकेट चार सुताचा. या अमेरिकन गाडीचं माप आपल्या सुतारांना, गवंड्यांना आणि लेथवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. ते विसरलो आहोत आपण, मिलिमीटरवाले.

मामांनी आट्यांचा गेज लावला. इंचात चोवीस. जवळच्या डब्यात जुन्या ब्रिटिश मापाचे अडीच सुताचे बारीक आट्यांचे नट होते, पण त्यांना इंचात बावीस आटे. तोही नट दोन फेरे जाऊन अडणारच होता. मग मामांनीच तोडगा काढला : “ही तर जीपची साइज.” खरंच की! अमेरिकन विलीज कंपनीच्या वंशातल्या जुन्या जीपगाड्यांना हेच अमेरिकन आटे. त्यामुळे नटात आटे पाडायचा २४चा टॅप त्यांच्या ड्रॉवरमध्ये होताच. तुम्हाला असा नट हवा असेल तर हार्लेचं नाव काढू नका, जुन्या जीपचं सामान ठेवणाऱ्याकडे अडीच सुताचा बारीक आट्यांचा नट मागा.

मला त्यांनी लोखंडी नट दिला नाही. चार सुताचा पितळी षटकोनी बार लेथवर धरला, ६.९ मिमीचं भोक पाडलं, टॅप मारला आणि चार तुकडे कापले. एक्झॉस्टजवळ लोखंडावर लोखंड गंजून चिकटतं, पितळ पुढच्या वेळी सुटतं. टॅपच्या जोडीची, बाहेरून आटे पाडणारी डाय स्टडवर हलक्या हाताने फिरवून बिघडलेले दोन आटेही सरळ केले. सगळं मिळून पाऊण तास, त्यातली दहा मिनिटं चहाची. पैसे विचारले तर दोनशे म्हणाले. उद्यमनगरात जाणार असाल तर साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, आणि जुना नट बरोबर न्या. मोबाइलवरच्या फोटोने तिथे काही होत नाही.

बरोबर काय घ्यायचं, हे आता मी असं ठरवलंय. अर्ध्या इंचाचा आणि ९/१६चा सॉकेट हवेच, त्यांना मिलिमीटरमध्ये जोडीदार नाही. ५/८च्या जागी १६चा आणि ३/४च्या जागी १९चा चालून जातो, ते वजन वाचतं. क्लचकडच्या झाकणासाठी टी-२७ टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या टोकाचा पाना. माझ्या बॅटरीच्या टर्मिनलला मात्र चक्क मिलिमीटरवाला दहाचा पाना लागतो, आणि तो सीटखालीच ठेवा. थरथरीने सैल झालेलं निगेटिव्ह टर्मिनल हे या गाड्यांचं नेहमीचं दुखणं. स्टार्टर नुसता टकटक करतो आणि माणूस नवी बॅटरी घेऊन बसतो. टर्मिनल घट्ट असेल, तर इंजिनचा वेग वाढवून बॅटरीला व्होल्टमीटर लावा. साडेचौदा व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर चार्जिंगला दोष देऊ नका.

दुसऱ्या दिवशी संकेश्वरवरून गडहिंग्लज, आजरा, आंबोली. टाकी साडेबारा लिटरची आणि ॲव्हरेज माझ्या हातात वीसच्या आसपास, म्हणून आजऱ्यातच भरून घेतली. आजऱ्यापुढचा रस्ता या गाडीसाठीच काढला असावा असा आहे, फक्त गावांतले स्पीडब्रेकर तिरके घ्या, नाहीतर पोट घासतं. त्या रस्त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. पावसाळा सरल्यावर जा, कळेल.

आंबोलीत पोचल्यावर ऑइल पाहिलं. इथे खूप जण फसतात. या इंजिनाचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं. गाडी बराच वेळ उभी राहिली की त्यातलं थोडं खाली इंजिनात झिरपतं, मग थंड गाडीची डिपस्टिक कमी दाखवते आणि माणूस वर ओतत बसतो. पुढे जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा सोडायच्या वाटेतून, एअर फिल्टरमध्ये येतं. म्हणून गाडी चांगली चालवून, गरम असताना, साइड स्टँडवर उभी करून बघायचं. गिअर आणि क्लचचं ऑइल निराळं, साधारण एक लिटर. त्याची पातळी या डिपस्टिकवर दिसतच नाही, हे मला पहिल्या मालकाने सांगितलं नव्हतं.

सकाळी इंजिन गार असताना चार सुताचा सॉकेट लावला. हा सॉकेट मामांनीच जुन्या पेटीतून काढून दिला होता, “जाताना परत टाका” म्हणून. पितळी नट पाव फेरा आवळला गेला. परतीला उद्यमनगरात थांबलो तेव्हा दुपार होती, मामा जेवायला घरी गेले होते. सॉकेट त्यांच्या नातवाकडे दिला. मागच्या सिलिंडरचे दोन्ही नट अजून जुनेच आहेत, ते उरलेल्या पितळी नटांनी पुढच्या रविवारी बदलायचेत, पाहुणे आले तरी.