रात्री दहानंतरचा रियाज: गिटार अ‍ॅम्पला हेडफोन लावताना

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या. विसर्जनाला गल्लीत डॉल्बी लागली तर कुणी चकार शब्द काढत नाही, पण एरवी रात्री साडेदहाला १५ वॉटचा अ‍ॅम्प सुरू केला की शेजारच्या काकू खिडकीत हजर. तसं त्यांचं बरोबरच आहे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबलची, आणि छोटा अ‍ॅम्पही ती आरामात ओलांडतो. मग हेडफोन आलेच. पिन खुपसली की झालं, असं वाटतं. तेवढ्यावर भागत नाही.

पहिली गोची पिनेचीच. अ‍ॅम्पचं सॉकेट ६.३५ मिलिमीटरचं, हेडफोनची पिन ३.५ ची. मध्ये लागणारा कन्व्हर्टर घेताना त्यावरचे काळे पट्टे मोजा: एक असेल तर मोनो, दोन असतील तर स्टिरिओ. दोनवालाच घ्या. तरीही डाव्याच कानात आवाज आला, तर अ‍ॅम्पचं सॉकेट मोनो आहे. त्यासाठी ६.३५ ची मोनो पिन आणि ३.५ चं स्टिरिओ सॉकेट आणायचं. सॉकेटचे डावा-उजवा हे दोन्ही टोक एका वायरने पिनेच्या टोकाला जोडायचे, अर्थिंग अर्थिंगला. झाळायला दहा मिनिटं. कन्व्हर्टर ठोकळ्यासारखा न घेता वीतभर वायरचा घेतलेला बरा. ठोकळा बाहेर लोंबत राहतो आणि त्याच्या भाराने सॉकेट ढिलं होतं.

मोबाइलचा माइकवाला हेडफोन लावला, तर पिनेवर तीन पट्टे असतात. काही सॉकेटमध्ये तो पूर्ण आत गेला की आवाज जवळजवळ गायबच होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. त्याचं अर्थिंग पिनेच्या तिसऱ्या कडीवर असतं आणि सॉकेटची पट्टी माइकच्या कडीला टेकते. अर्थिंग तुटलं की दोन्ही कानांतला फक्त फरक ऐकू येतो. गिटारचा सिग्नल दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे फरक शून्य. माइकवरचं बटण दाबून धरा, आवाज लगेच परत येईल. पिन मिलिमीटरभर बाहेर ओढली तरी येतो, पण रोज कोण ओढत बसणार? साधा हेडफोन घ्या.

आता मूळ दुखणं. क्लीन टोन बरा वाटतो, पण डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) लावलं की कानात माश्या घोंगावतात. दहापैकी आठजण इथे हेडफोनला शिव्या देऊन महागडा आणायला निघतात, आणि महागड्यात माश्या जास्तच स्पष्ट ऐकू येतात. कारण गिटारचा स्पीकर हा स्वतःच एक गाळणी असतो. ५ किलोहर्ट्झच्या वरचं तो फारसं वाजवतच नाही. हेडफोन मात्र २० किलोहर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीत वाजवतो. काही अ‍ॅम्पच्या हेडफोन आउटलाच स्पीकरची नक्कल बसवलेली असते. बॉस कंपनीच्या ‘कटाना’मध्ये ती आहे. साध्या अ‍ॅम्पला ती नसते. तिथे मी ट्रेबल ३, मिडल ६, बास ५, गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) नेहमीच्या निम्मा आणि गिटारचा टोन नॉब ६ वर ठेवतो. साठ-सत्तर टक्के काम होतं. मल्टिइफेक्ट पेडलमध्ये (आवाजाला निरनिराळे परिणाम देणाऱ्या डबीत) कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल असेल, तर ते अ‍ॅम्पच्या ऑक्स-इनला (मोबाइलवरची गाणी वाजवायच्या सॉकेटला) जोडा, गिटारच्या इनपुटला नको. नाहीतर टोन दोनदा रंगतो. खरं सांगायचं तर पेडललाच हेडफोनचं सॉकेट असेल, तर अ‍ॅम्प मध्ये हवाच कशाला?

ब्लूटूथचा विचारही नको. साधारण १५० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर लागतो. १०० च्या टेम्पोत सोळाव्या भागाचा स्वर बरोबर १५० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे तुम्ही पुढच्या स्वरावर आणि कान मागच्यावर.

मागच्या बाजूला ‘स्पीकर’ लिहिलेल्या सॉकेटला हेडफोन कधीही लावू नका. १५ वॉट, ८ ओहमच्या अ‍ॅम्पमधून पूर्ण ताकदीला तिथे सुमारे ११ व्होल्ट निघतात. ३२ ओहमच्या हेडफोनवर ते पडले, तर साडेतीन वॉटच्या वर जातं. त्या हेडफोनला वॉटचा हजारावा भाग पुरतो. आधी हेडफोन जातो. कानात असला तर कानही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची तर स्पीकरची वायर काढून वाजवूच नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. त्याला लोड बॉक्सच (स्पीकरच्या जागी भार घेणारा डबा) लागतो.

हेडफोनवर घरघर जास्त जाणवते. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. घरघर थांबली तर ती पिकअपमधून (तारांखालच्या चुंबकी कॉइलमधून) येतेय. बसल्या जागी थोडं वळून बघा, सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपला दिशा बदलली की फरक पडतो. थांबली नाही तर बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरात तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. लाईट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर हा आवाज वाढणारच, तेव्हा बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प बरा. चार्जिंगला लावलेल्या मोबाइलवरून ट्रॅक वाजवत असाल, तर आधी चार्जर काढा.

आणखी एक खास पावसाळ्यातलं. हेडफोन काढल्यावर स्पीकर मुकाच राहतो आणि अ‍ॅम्प उडाला असं वाटतं. सॉकेटमधल्या ज्या पट्ट्या स्पीकर तोडतात-जोडतात, त्यांवर दमटपणाने थर चढलेला असतो. वीज बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, सुकू द्या.

व्हॉल्यूम शून्यावर आणून मगच हेडफोन डोक्यावर. तारांचा मूळ टणत्कार पुसट ऐकू येईल इतपतच वाढवायचा. आणि लाकडी माडीवर बसून वाजवणार असाल तर पायाखाली घोंगडी दुमडून टाका. गिटार गप्प झाली तरी पायाचा ठेका खालच्या खोलीत थेट पोचतो.