पाववाल्यांची रात्र आणि 1871 चं पॅरिस

गेले दोन-तीन आठवडे रात्री जेवण झालं की पॅरिस कम्यूनवर मिळेल ते वाचतोय. 1871, 18 मार्च ते 28 मे, 72 दिवस पॅरिस तिथल्या कामगारांच्या हातात होतं, तेच कम्यून. सरकारनं माँमार्त्रच्या टेकडीवरच्या तोफा न्यायला सैन्य पाठवलं, बायका आडव्या आल्या, गोळी घाला म्हणून ऑर्डर झाली खरं शिपायांनी घातली नाही, आणि सरकारच पॅरिसजवळच्या व्हर्सायला पळालं.

कम्यूनवाले शेवटी का हरले यावर डाव्यांची भांडणं अजून मिटली नाहीत. मार्क्सचं म्हणणं लगेच व्हर्सायवर चालून जायला पाहिजे होतं, एंगेल्सला बँक ऑफ फ्रान्सला हात लावला नाही हे खुपतं, अराजकतावादी बाकुनिन राज्यसंस्थाच नाकारली म्हणून खूश, त्याच पंथातला क्रोपोत्किन विचारतो मग शहरात परत सरकार कशाला बसवलंत. सगळ्यांचंच थोडं थोडं पटतं.

मी अडकलो ते 20 एप्रिलच्या एका हुकमावर. बेकरी कामगारांची रात्रपाळी बंद! मागनं ठरलं, पहाटे पाचच्या आत भट्टीवर काम सुरू करायचं नाही. मालक ओरडले, कम्यूनमधल्याच काहींना वाटलं हे जरा जास्त होतंय, तेव्हा लिओ फ्रँकेल, हा हंगेरीतनं आलेला सोनारकाम करणारा कामगार, उभा राहून म्हणाला की आपण काढलेला खरा समाजवादी हुकूम हा एकच.

माझे बाबा बेळगावच्या शहापुरात एका बेकरीत बावीस वर्षं रात्रपाळीला होते. रात्री दहाला जायचे, पोतंभर मैदा मळायचा, मग पाव, बटर, खारी, सकाळी सातला घरी आले की भुवयांवर मैदा तसाच, आणि आम्ही शाळेला निघायच्या आत ते झोपलेले. दिवाळीतसुद्धा तेच.

आमच्या बेळगावात चळवळ म्हटलं की सीमाप्रश्न, गाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं हा. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीला मी शाळेपासनं जातोय आणि पुढंही जाणार, तो प्रश्न माझ्या जिवाचा आहे. खरं बाबा त्या फेरीला एकदाही आले नाहीत, मला लहानपणी त्याचा राग यायचा, आणि हे वाचताना पहिल्यांदा डोक्यात आलं की फेरी निघायची तेव्हा तो माणूस रात्रभर उभा राहून आत्ताच आडवा झालेला असायचा. गाव कुणाचं हे आम्ही इतकी वर्षं विचारतोय आणि विचारायलाच पाहिजे, खरं त्या गावातला पाववाला झोपतो कधी हे आमच्या एकाही सभेत मी ऐकलं नाही. पॅरिसवाल्यांनी शहर हातात आल्यावर महिन्याभरात, दाराशी फौज असताना, ते विचारलं.

मे महिन्यात सरकारच्या फौजेनं पॅरिसात हजारो माणसं मारली, हुकूमही गेला. फ्रान्समधे बेकरीची रात्रपाळी बंद करणारा कायदा व्हायला 1919 उजाडलं.

परवा बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. शांत ऐकलं, मग म्हणाले, "पाचला मळायला घेतलं तर पाव आठ-नऊला निघणार. निघू दे की. नऊला पाव खाऊन कोण मरतंय काय?"